‘थोडे’ म्हणजे नेमके किती?

सोलापूरचे टेरी टॉवेल परदेशी जातात, तेव्हा मालाबरोबर इंग्रजी पत्रव्यवहारही होतो. रंगातील फरक, लांबीतील तूट, पाठवणीचा विलंब हे सारे ईमेलने कळवावे लागते. अशा मजकुरात ‘स्लाइटली’, ‘अ लिटल’, ‘अ बिट’, ‘समव्हॉट’, ‘फेअरली’, ‘रादर’ हे अल्पत्वदर्शक शब्द वारंवार येतात. शब्दकोशात ते जवळजवळ समानार्थी दिसतात; व्यवहारात मात्र त्यांचे वजन वेगवेगळे असते.

मराठीतही असेच आहे. ‘जरा बसा’ यातील ‘जरा’ प्रमाण सांगत नाही, आर्जव करतो. तेथे ‘किंचित बसा’ असे कोणी म्हणणार नाही. ‘स्लाइटली’ हा या ‘किंचित’च्या जवळचा शब्द होय. तो नेमका व तटस्थ असल्याने व्यापारी पत्रास योग्य ठरतो. ‘अ बिट’ हा बोलण्यातला, घरगुती वळणाचा. तर ‘समव्हॉट’ म्हणजे ‘काहीसे’, लेखी भाषेतला. वाक्यरचनेतही भेद आहे. ‘अ स्लाइटली डॅमेज्ड टॉवेल’ हे शुद्ध. पण ‘अ बिट डॅमेज्ड टॉवेल’ ही रचना चुकीची. ‘द टॉवेल इज अ बिट डॅमेज्ड’ मात्र चालते.

‘फेअरली’ व ‘रादर’ यांत मनोभाव दडलेला असतो. माल ‘फेअरली चीप’ म्हटला, तर ग्राहक समाधानी आहे. ‘रादर चीप’ म्हटला, तर दर्जाविषयी शंका असण्याचा संभव अधिक. ‘रादर बेटर’ म्हणता येते, ‘फेअरली बेटर’ म्हणता येत नाही.

सर्वांत फसवे ते एकाक्षरी ‘अ’. ‘अ लिटल टाइम’ म्हणजे थोडा वेळ आहे. नुसते ‘लिटल टाइम’ म्हणजे वेळ जवळजवळ नाहीच. ‘नॉट अ बिट’ म्हणजे मुळीच नाही, तर ‘नॉट अ लिटल’ म्हणजे बरेच! ‘क्वाइट गुड’ हे इंग्रज ग्राहकाच्या लेखी बहुधा ‘बरे’ असते, अमेरिकन ग्राहकाच्या लेखी ‘फार चांगले’.

या भेदाची किंमत मोठीही असू शकते. १९५१ साली कोरियातील इमजिन नदीच्या लढाईत ब्रिटिश ब्रिगेडियर ब्रॉडी यांनी अमेरिकन वरिष्ठांना परिस्थिती ‘अ बिट स्टिकी’ असल्याचे कळवले, असे सांगितले जाते. इंग्रजी संयमाच्या भाषेत त्याचा अर्थ घोर संकट असा होता. ऐकणाऱ्याने तो किरकोळ अडचण असा घेतला. त्या लढाईत ग्लॉस्टरशायर पलटणीचे बहुतेक सैनिक मारले गेले वा कैद झाले.

व्यापाऱ्याने यातून घ्यावयाचा धडा साधा आहे. जेथे पैसा वा मुदत गुंतली आहे, तेथे लहान शब्दाशेजारी आकडा लिहावा. ‘अ लिटल लेट’ऐवजी ‘४ दिवस उशिरा’, ‘स्लाइटली शॉर्ट’बरोबर ‘२ सेंटिमीटर’. आकडा दोन्ही देशांत सारखाच वाचला जातो. जेथे आकडा देता येत नाही, तेथे ‘स्लाइटली’ हा शब्द त्यातल्या त्यात सुरक्षित. हित, मित आणि असंदिग्ध बोलावे, अशी भाषासमितीची शिकवण आहे. ती दुकानातील पत्रालाही तितकीच लागू पडते.