सागाची कीर्द
कर्जत-खालापुरांत आज ज्वालामुखी नाहीं. परंतु येथील काळा कातळ सुमारें ६.६ कोटी वर्षांपूर्वींच्या लाव्हारसाचाच होय. तो झिजला कीं त्यांतील तांबें, निकेल इत्यादि धातु मातींत उतरतात. तांबें झाडास अल्प हवें. अति झाल्यास तेंच विष. म्हणून वृक्ष पुष्कळसा धातु मुळांशींच अडवितो, कांहीं पेशींच्या भिंतींत कोंडतो. उरलेला खोडांत चढतो.

साग उन्हाळ्यांत पानें गाळून थांबतो, पावसाळ्यांत वाढतो. त्यामुळें दरसाल एक वलय उमटतें. हीच त्याची कीर्द! मात्र धातु शेजारच्या वलयांतही पाझरतो. सबब एकाच वलयावरून वर्षाचा निवाडा करूं नये. पावसाची नोंद अधिक विश्वसनीय. पुण्याच्या शास्त्रज्ञांनीं ती सागवलयांवरून अभ्यासिलीही आहे.

वाचकहो, जुन्या सागावर कुऱ्हाड घालण्यापूर्वीं आम्ही एवढेंच विनवितों: लांकूड पुन्हां मिळेल, साक्षीदार मिळणार नाहीं.