गड्ड्याची बडीशेप : परसबागेतील एक नवलाई

जेवणानंतर चिमूटभर बडीशेप तोंडात टाकण्याची चाल आपल्याकडे घरोघरी आहे. परंतु त्याच कुळातील एका झाडाचा गड्डा भाजीसारखा खातात, हे मात्र फार थोड्यांना ठाऊक असते. इटली देशात ही भाजी नित्याची आहे. आमच्या कणकुंबीच्या परड्यात ती पिकवून पाहावी, अशी आम्हांस इच्छा झाली.

प्रथम आम्ही घरातील मसाल्याच्या डब्यातील बडीशेपच पेरली. झाडे उंच वाढली, पाने सुवासिक आली, पण गड्डा काही धरेना! कारण उघड होते. दाण्यांसाठी लावतात ती जात निराळी आणि गड्ड्याची जात निराळी. तेव्हा बियाणे गड्ड्याच्या जातीचेच मागवावे, हा पहिला धडा आम्ही शिकलो.

ज्याला आपण गड्डा म्हणतो, तो वास्तविक कांद्यासारखा जमिनीतील कंद नव्हे. पानांचे देठ बुडाशी जाड होऊन एकमेकांवर घट्ट बसतात आणि त्यांचाच पांढरा, रसाळ गड्डा मातीच्या पृष्ठभागावर तयार होतो. कोथिंबीर, गाजर, शेपू, जिरे व ओवा ही सारी याचीच भावंडे. प्राचीन ग्रीक भाषेत बडीशेपेला ‘मॅरेथॉन’ म्हणत, इ. स. पूर्व 490 मधील प्रसिद्ध लढाईच्या मैदानाचे नाव त्यावरूनच पडले, असे मानतात.

दुसरा धडा ऋतूचा. कणकुंबी म्हणजे मलप्रभेचे उगमस्थान, सह्याद्रीच्या माथ्यावरील गाव. येथील पावसाळ्यात कोवळी रोपे कुजून जातात. उलट उन्हाळ्यात दिवस मोठा होतो व उष्मा वाढतो. मग झाड गड्डा भरण्याचे सोडून फुलांचा दांडा वर काढते. एकदा दांडा निघाला, की गड्डा चिवट झालाच म्हणून समजावे. म्हणून पाऊस ओसरल्यावर, ऑक्टोबरच्या अखेरीस पेरणी करावी. हिवाळ्यातील थंड हवा व लहान दिवस या पिकास मानवतात.

आमची माती जांभ्याची, तांबडी. अतिवृष्टीने तिच्यातील चुना वाहून जातो व ती आंबट होते. वाफा खोल खणून त्यात कुजलेले शेणखत व थोडी चाळलेली लाकडाची राख मिसळावी. बी सुमारे 1 सेंटिमीटर खोल, जागच्या जागीच पेरावे. याचे सोटमूळ नाजूक असल्यामुळे रोप उपटून दुसरीकडे लावल्यास ते दुखावते आणि अकाली फुलावर येते. एक-दोन आठवड्यांत अंकुर दिसतात. रोपे बोटभर झाली की विरळणी करून दोन रोपांत एक वीत अंतर ठेवावे.

पाणी थोडे, पण नियमित द्यावे. आज कोरडे, उद्या चिखल, असे झाल्यास गड्डे फुटतात. ज्या गावी नदी जन्म घेते, त्याच गावी हिवाळी वाफ्याला मात्र घागरीने पाणी घालावे लागते! म्हणून वाफ्यावर वाळलेला पाला पसरून ओल राखावी. गड्डा लिंबाएवढा झाला की त्याला मातीची भर द्यावी. त्यामुळे तो पांढरा व कोवळा राहतो. मावा दिसल्यास पाण्याच्या धारेने धुऊन काढावा.

साधारण तीन ते साडेतीन महिन्यांत गड्डा मुठीएवढा होतो. तो मुळाच्या थोडा वर कापावा, म्हणजे बुडख्यातून पुन्हा लहान कोंब फुटतात. पातळ चिरून, लिंबू पिळून केलेली त्याची कोशिंबीर मोठी रुचकर लागते. हरभऱ्याची डाळ घालून भाजीही होते. पाने आमटीत टाकावीत.

दुसऱ्या वर्षी आमच्या वाफ्यात गड्डे धरले. ते लहानच होते. तथापि पहिल्या वर्षीचे अपयश दैवाचे नसून आमच्या अज्ञानाचे होते, हे त्यांनी आम्हांस पटवून दिले. विद्यार्थी मित्रांनीही आपल्या परड्यात एक लहानसा वाफा करून पाहावा, आणि काय साधले व काय फसले, याची नोंद वहीत अवश्य ठेवावी.