घरपट्टी उघडून बघितलीत का?

शुक्रवारची खच्चून भरलेली विरार फास्ट, नालासोपाऱ्याहून बस, आणि निर्मळचं तळं दिसलं की आठवडाभराचं ऑफिस डोक्यातून आऊट! वाडी, विहीर, पडवीतली आरामखुर्ची... आणि टीपॉयवर पडलेलं घरपट्टीचं बिल. ते आपण वाचतो का? छे! बाबा भरतात, विषय संपला.

पण या पट्ट्यात घरपट्टी हा जुना दुखरा विषय आहे. ३ जुलै २००९ ला चार नगरपालिका आणि आजूबाजूची गावं मिळून वसई-विरार महापालिका झाली. 'आमची ग्रामपंचायतच बरी' म्हणत गावं रस्त्यावर उतरली. २०११ मध्ये सरकारने २९ गावं वगळली, मामला हायकोर्टात गेला आणि २०२४ मध्ये सरकारने तो निर्णयच फिरवला. वाडीतल्या घराला फ्लॅटसारखा कर लागेल, ही धास्ती तेव्हापासूनची.

मुळात हा आकडा येतो कुठून? मुंबईत भांडवली मूल्य बघतात. इथे बघतात, घर भाड्याने दिलं तर किती मिळेल. समजा घर ६०० चौरस फूट, भाडं महिन्याला फुटामागे २ रुपये. वर्षाचे झाले १४,४००. दुरुस्तीपोटी १० टक्के वजा, उरले १२,९६०. हे करयोग्य मूल्य. सर्वसाधारण कर, राज्य सरकारचा शिक्षण कर वगैरे सगळं यावर टक्क्यांनी चढतं. म्हणजे मोजमाप आणि वापर चुकीचा नोंदला गेला, की बिल दरवर्षी फुगणार. १०० फूट जास्त लागले तर करयोग्य मूल्य थेट १५,१२०! राहती खोली 'दुकान' म्हणून लागली तर विचारूच नका. (खरंच दुकान चालवत असाल, तर गप्प बसलेलं बरं.)

आकारणी वाढल्याची नोटीस आली, की तिच्यावरच्या मुदतीत लेखी हरकत द्या, पोच घ्या, सुनावणीला जा. पटलं नाही तर कोर्टात अपील करता येतं, पण आधी हरकत घेतलेली हवी आणि कर भरलेला हवा. रागाने बिल थकवलंत, तर महिन्याला २ टक्के चढतात. आणि ५०० फुटांपर्यंतच्या घरांना माफीची २०२२ ची ती गाजलेली घोषणा मुंबई महापालिकेपुरती होती, तेव्हा त्या भरवशावर राहू नका.

बिलावर अजून आजोबांचंच नाव आहे? वारसनोंदीचा अर्ज करून टाका. नुसत्या पावतीने मालकी सिद्ध होत नाही. आणि या शनिवारी टेप घेऊन पडवी मोजा. बाबा हसतील, हसू देत.