गाडीत पेट्रोलचा वास, पण खाली थेंबही नाही? आधी टाकीचं झाकण बघा

सोलापुरात एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशी ओलांडतो. दुपारभर उन्हात उभ्या असलेल्या कारजवळ गेलं की कधीकधी पेट्रोलचा वास येतो. वाकून पाहिलं तर जमीन कोरडी. अशा वेळी बहुतेकदा गळत असते ती पेट्रोलची वाफ.

ही वाफ हवेत जाऊ नये म्हणून गाडीत वेगळी सोय असते. टाकीतली वाफ नळीतून कोळशाच्या डब्यात, म्हणजे चारकोल कॅनिस्टरमध्ये जाते. तिथला कोळसा ती शोषून धरतो. गाडी चालू लागली की पर्ज व्हॉल्व्ह उघडतो आणि साठलेली वाफ इंजिनात जाऊन जळते. झाकणाच्या रबरापासून व्हॉल्व्हपर्यंत कुठेही फट पडली की वाफ बाहेर.

काही गाड्यांचा कॉम्प्युटर ही यंत्रणा बंदिस्त करून आतला दाब टिकतो का, ते तपासतो. स्कॅनरवर पी०४५५ आला तर गळती मोठी. पी०४५६ म्हणजे अगदी बारीक, साधारण अर्ध्या मिलिमीटरच्या छिद्राएवढी. पण गळती नेमकी कुठे, हे कोड सांगत नाही. नुसता कोड पाहून कॅनिस्टर बदलायला सांगणं म्हणजे अंदाजपंचे काम! शिवाय ही चाचणी सगळ्याच गाड्यांत नसते, त्यामुळे दिवा लागला नाही म्हणून निर्धास्त राहता येत नाही. पीयूसीत तर फक्त सायलेन्सरचा धूर तपासतात.

शोध स्वस्तातून महागाकडे न्यावा. झाकणाचं रबर चिरलंय का, झाकण ‘टक्’ आवाज येईपर्यंत बसतं का? (दोष दूर झाला तरी दिवा लगेच विझत नाही, काही फेऱ्या लागतात.) मग पर्ज व्हॉल्व्ह. वीजजोडणी काढल्यावर त्यातून हवा आरपार जात असेल, तर तो उघडाच अडकलाय. पेट्रोल भरल्यावर गाडी चालू व्हायला कुरकुरते, तीही याचीच खूण. तरी सापडलं नाही तर स्मोक टेस्ट: अगदी कमी दाबाने नळ्यांत धूर सोडतात, तो जिथून निघेल तिथे फट. टायरचा कंप्रेसर मात्र इथे कधीच लावू नये; नळ्या, टाकी फुटू शकते.

कॅनिस्टर खरंच खराब निघाला, तर कारण अनेकदा पंपावर असतं. नोझल आपोआप बंद झाल्यावरही ‘राउंड फिगर करा’ म्हणत टाकी काठोकाठ भरली, की द्रव पेट्रोल कोळशात शिरतं आणि मग तो वाफ धरेनासा होतो.