जरीकामाचा टाका फोटोत दाखवायचा कसा?

कापडाची पारख बोटांनी होते, हे आपल्या व्यापारी बांधवांना सांगायला नको. वाशिम, कारंजा, रिसोड किंवा मंगरूळपीरच्या दुकानात गिऱ्हाईक पदर हातात घेते, उलटा करून टाके पाहते आणि मगच भावाची गोष्ट काढते. आता तेच गिऱ्हाईक पुण्यात बसून व्हॉट्सअॅपवर फोटो मागते. फोटोत हाताची जरदोजी आणि मशीनचे भरतकाम दोन्ही सारखेच चमकतात, आणि मग हाताचे काम मशीनच्या भावात मागितले जाते. यात मार बसतो तो कारागिराच्या मजुरीला.

टाका जवळून दाखवला तर फरक कोणालाही कळतो. पण जवळून फोटो घेताना भिंगाचा कायदा आडवा येतो. वस्तू जितकी जवळ, तितकी फोटोत साफ दिसणारी खोली कमी. मॅक्रो लेन्सने वस्तू तिच्या मूळ आकाराएवढी सेन्सरवर उमटवली, तर एफ ८ वर जेमतेम एक मिलिमीटर साफ येतो. दबका, सलमा, सितारा तर कापडापासून चार-पाच मिलिमीटर उठलेले असतात. वरचा सितारा साफ आला की खालचा टाका धूसर! छिद्र एफ २२ पर्यंत लहान केले तर प्रकाश पसरतो आणि सगळाच फोटो मऊ पडतो.

यावरचा इलाज म्हणजे फोकस स्टॅकिंग. कॅमेरा स्टँडवर पक्का बसवायचा आणि फोकस सर्वांत वरच्या टोकापासून तळापर्यंत अर्धा-अर्धा मिलिमीटर सरकवत दहा-बारा फोटो घ्यायचे. संगणकावरील सॉफ्टवेअर ते फोटो एकमेकांवर बरोबर बसवते, फोकस सरकल्याने आकारात पडलेला थोडा फरकही जुळवते, आणि प्रत्येकातला साफ भाग उचलून एकच फोटो तयार करते. कीटकांचे फोटो घेणारे हे तंत्र फार पूर्वीपासून वापरतात. युक्रेनमधील खारकीवच्या कंपनीचे हेलिकॉन फोकस आणि अमेरिकेचे झेरीन स्टॅकर ही यातली नावाजलेली सॉफ्टवेअर्स. फोटोशॉपमध्ये ही सोय २००८ च्या सीएस ४ पासून आहे. पैसे घालायचे नसतील तर एन्फ्यूज मोफत मिळते. काही अँड्रॉइड मोबाइलवर ओपन कॅमेरा हे मोफत अॅप फोकस सरकवत फोटो आपोआप घेते.

आता कापडवाल्याच्या खास कामाची गोष्ट. झेरीनमध्ये फोटो जोडण्याच्या दोन रीती आहेत. पीमॅक्स बारीक, एकमेकांवरून गेलेले धागे उत्तम सोडवते, पण चमक वाढवते आणि रंगही थोडा बदलू शकते. डीमॅप मूळ रंग आणि पोत चांगला राखते, मात्र उठलेल्या कडांभोवती कधी कधी धूसर किनार सोडते. माल परत येतो तो बहुधा रंगावरून, म्हणून मी डीमॅपच्या बाजूचा आहे. जिथे किनार दिसेल तेवढीच जागा पीमॅक्सच्या फोटोतून ब्रशने घ्यावी.

उजेड आणि रंगाची सेटिंग सर्व फोटोंना एकच ठेवावी, स्वयंचलित नको. पंखा बंद हवा, कारण धागा हलला की जोड बिघडतो. आपल्याकडच्या मे महिन्यात ही अट सर्वांत जड! त्यापेक्षा पहाटेच काम उरकावे.

प्रत्येक मालाला एवढा खटाटोप लागत नाही. सपाट कापड बरोबर वरून टिपले तर एकच फोटो पुरतो. आपल्या विदर्भाची करवतकाठी साडी घ्या. तिच्यात काठाचा बाणा आणि अंगाचा बाणा वेगळे असतात आणि करवतीच्या दातांपाशी ते एकमेकांत अडकवलेले असतात. ही अडकण दिसली की हातमागाची खात्री पटते. तिला स्टॅकिंग नको, चांगले भिंग आणि बाजूने येणारा उजेड पुरे. स्टॅकिंग राखावे ते जरदोजी, चुण्या, गोंडे, बटणे आणि नगाच्या अंगठीसाठी.

हा फोटो कामाचा ऐबही तितक्याच साफपणे दाखवतो. सुटलेला टाका, काळवंडलेली जर लपत नाही. ब्रशने सॉफ्टवेअरची किनार जरूर पुसावी, पण टाक्याला हात लावू नये. ऐब दिसत असेल तर भाव त्याप्रमाणे लिहावा आणि सोबत उलट्या बाजूचा एक फोटो द्यावा. शेजारी मिलिमीटरची पट्टी ठेवली तर गिऱ्हाईक घरबसल्या टाके मोजू शकते.