साक्षीदार झाडांची वाट

हिरोशिमाच्या मध्यवस्तीतल्या शांतता स्मारक उद्यानात एक आओगिरी वृक्ष उभा आहे. त्याच्या खोडाची एक बाजू करपून पोकळ झालेली, आणि उरलेली साल त्या जखमेला कवेत घेत वाढलेली. 6 ऑगस्ट 1945 रोजी सकाळी सव्वाआठला अणुबॉम्ब फुटला, तेव्हा हे झाड स्फोटकेंद्रापासून सुमारे 1,300 मीटरवर, टपाल-तार खात्याच्या कचेरीच्या अंगणात होतं.

त्याच कचेरीत सुझुको नुमाता नोकरीला होत्या. त्या दिवशी त्यांचा डावा पाय गेला. जगणं नकोसं झालेलं असताना या जळक्या खोडाला फुटलेली पालवी त्यांना दिसली आणि त्या सावरल्या. 1973 मध्ये झाड उद्यानात आणलं गेलं. पुढे 2011 मध्ये निधन होईपर्यंत, कितीतरी वर्षं, नुमाता या झाडापाशी मुलांना आपली हकिगत सांगत राहिल्या.

बॉम्बमधून वाचलेल्या माणसांना जपानीत ‘हिबाकुशा’ म्हणतात, तर अशा झाडांना ‘हिबाकुजुमोकु’. माणसांच्या यातनेसाठी घडलेला शब्द इथे झाडांनाही लावला जातो. स्फोटकेंद्रापासून साधारण दोन किलोमीटरच्या आतल्या सुमारे 160 झाडांची महापालिकेने नोंद केली आहे. प्रत्येकापाशी पाटी आहे. तिच्यावर झाडाची जात आणि केंद्रापासूनचं अंतर.

उद्यानातून निघून या पाट्या वाचत शहरभर चालता येतं. केंद्राच्या सगळ्यात जवळचा विलो 370 मीटरवर. हिरोशिमा किल्ल्याच्या आवारातला निलगिरी 740 मीटरवर. शुक्केइएन बागेतला कललेला गिंको 1,370 मीटरवर. आकडा वाढत जातो, तसतसे आपण त्या सकाळपासून एकेक पाऊल दूर येत असतो.

ही झाडं वाचली ती मुळांमुळे. वर खोड जळलं, मोडलं, पण मातीने उष्णता अडवली आणि जमिनीखालचा जीव तगला. विलोचं मूळ खोड तर उरलंच नाही. आजचं झाड त्याच्या बुंध्यातून फुटलेल्या धुमाऱ्यांचं आहे.

झाडांच्या या स्मारकासाठी नवी रोपं लावावी लागली नाहीत. जे उभं होतं ते ओळखायचं होतं, आणि त्याहून अवघड म्हणजे जगवायचं होतं. वृक्षवैद्य येऊन झाडं तपासतात, कललेल्या खोडांना टेकू देतात. 2011 पासून ‘ग्रीन लेगसी हिरोशिमा’ हा उपक्रम या झाडांच्या बिया आणि रोपं देशोदेशी पोचवतो.

सगळ्यात जास्त जपावी लागते ती बुंध्याभोवतीची माती. पायांनी ती दडपली, की मुळांचा श्वास कोंडतो. म्हणून इथे आलेल्याने पाटी वाचावी, खोड डोळे भरून पाहावं, आणि मुळांपासून दोन पावलं मागेच थांबावं.