फ्रेयाचा हार, चांदीतला
ख्रिस्ती धर्म येण्यापूर्वीच्या स्कँडिनेव्हियातील, म्हणजे नॉर्स पुराणकथांतील, प्रेम आणि युद्धाची देवता फ्रेया हिची ठळक खूण म्हणजे ब्रिसिंगामेन हा कंठहार. चोरीला गेलेला हातोडा परत मिळवण्यासाठी थॉर हा देव नवरीच्या वेषात राक्षसाकडे गेला, तेव्हा त्याच्या गळ्यातही हाच हार होता. स्वीडनमधील आस्का येथे एका स्त्रीच्या थडग्यात सापडलेले, सोन्याचा मुलामा दिलेले व्हायकिंगकालीन चांदीचे पदक त्यामुळेच विलक्षण मोलाचे ठरते, कारण कड्याच्या आत उभ्या असलेल्या त्यातील स्त्रीच्या छातीवर रुंद, अनेकपदरी हार स्पष्ट दिसतो आणि तिचे हात पोटावर टेकलेले आहेत. ही फ्रेयाच, हे अनुमान असले तरी हारामुळे ते पटते. आजचे कारागीर याच पदकाच्या प्रतिकृती घडवतात, शिवाय फ्रेयाचा रथ ओढणारी मांजरेही चांदीत उतरवतात.